चौऱ्याहत्तर सालचं पीप

भट्टी दारात आली की लापेरादांच्या घरची भांडणं चार दिवस थांबतात, असं गावात म्हणतात. ते काही खरं नाही. भांडणं चालूच असतात, पण सगळ्यांची तोंडं खाण्यात गुंतलेली असल्यामुळे जरा कमी ऐकू येतात.

या वर्षी भट्टी मंगळवारी आली. बाप्तिस्त भट्टीवाल्याने ट्रॅक्टरमागून ओढत आणलेलं ते तांब्याचं धूड नेहमीप्रमाणे गोठ्याच्या छपराखाली उभं केलं, चाकांना दगडांची उटी लावली आणि ओकची लाकडं घालून जाळ पेटवला, तो शुक्रवारपर्यंत विझू दिला नाही. एका अंगाने नवी, आंबटढाण पांढरी वाइन आत जात होती आणि दुसऱ्या अंगाने नळीतून करंगळीएवढी धार पडत होती. ती पाण्यासारखी नितळ, पण वर वाकून वास घेतला की नाक चुरचुरावं अशी. ब्रँडीसाठी नावाजलेल्या या आर्मान्याकच्या मुलखात ती धार पाहिली की माणसं काही कारण नसताना एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागतात. मग ती धार ओकच्या पिपात जाऊन झोपते आणि वीस, तीस, पन्नास वर्षांनी लालसर होऊन उठते. तोवर तिला पिपात घालणारा असतो किंवा नसतो.

शुक्रवारी दुपारी भट्टीला लागूनच लांब टेबल मांडलं होतं. भट्टीच्या निखाऱ्यांवर बदकाच्या छातीचे तुकडे चरचरत होते, राखेत बटाटे खुपसले होते, आणि आर्लेत काकूने कोबी-शेंगांचं दाट सूप अशा पातेल्यात आणलं होतं की ते उचलायला दोघं लागली. भट्टीचं जेवण दरवर्षीच असतं. पण आजच्या जेवणाला मान वेगळा होता. आबेल काका आणि आर्लेत काकूच्या लग्नाला आज पन्नास वर्षं पुरी झाली होती, आणि लग्नाच्या साली भरलेलं पीप आज फोडायचं होतं.

सगळे खुशीत होते. मायलिस मात्र चमच्याने सूप नुसतंच ढवळत होती.

मायलिस ही आबेलची पुतणी, धाकट्या भावाची, रेजिसची लेक. चौतीस वर्षांची. गेली तीन वर्षं कोठाराची किल्ली तिच्याकडे होती. घरात पुरुष असताना किल्ली तिच्याकडे गेली तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली होती. पण काकाने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की हिला नाक आहे आणि ही खोटं बोलत नाही, बाकीच्यांमध्ये फार तर एक गोष्ट सापडते. त्या दिवशी मायलिस घरी जाऊन आनंदाने रडली होती. कोठार म्हणजे तिचा जीव की प्राण. मातीची जमीन, कोळ्यांची जाळी, मागच्या बाजूला जुन्या पिपांची ती अंधारी ओळ, जिला घरातले सगळे स्वर्ग म्हणत. दिवसातून एकदा तरी तिथे जाऊन उभं राहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

आणि त्याच कोठारात जानेवारीत तिच्या हातून चूक झाली होती.

पिपातली ब्रँडी लाकडातून हळूहळू उडून जाते. म्हणून वर्षातून एकदा पीप भरून घ्यायचं, आणि भरायचं ते त्याच सालच्या राखून ठेवलेल्या ब्रँडीने. दुसऱ्या सालचा थेंबसुद्धा पडला की त्या पिपावर साल लिहायचा हक्क गेला. कायदा तसाच आणि काकाचा नियमही तसाच. राखीव ब्रँडी वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या मोठमोठ्या काचेच्या सुरयांत असायची. सुरयांवर चिठ्ठी लावणं काकाला मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, ज्या पिपासमोर सुरई, त्या सालची सुरई. ज्याला एवढंही लक्षात राहत नाही त्याने कोंबड्या पाळाव्यात.

जानेवारीत मायलिसने चौऱ्याहत्तरच्या पिपासमोरची सुरई उचलली आणि चांगले आठ लिटर आत ओतले. दुसऱ्या दिवशी तिचं लक्ष सुरईच्या गळ्याकडे गेलं. टवका उडालेला गळा होता. तो टवका ती लहानपणापासून ओळखत होती, ती शहात्तरची सुरई होती. कुणीतरी सुरया हलवल्या होत्या. तिने कोठाराचं दार लावलं आणि दहा महिने कुणाला सांगितलं नाही.

हलवणाऱ्याचं नाव ती घेऊ शकली असती. त्या भिंतीला मागच्या डिसेंबरपासून आर्लेत काकूच्या, चरबीत मुरवलेल्या बदकाच्या बरण्यांची रांग लागली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण काकूवर ढकलून मोकळं व्हायचं तिच्या मनात आलं नाही. आणि खरं सांगायची हिंमतही झाली नाही, कारण या घरात याच चुकीची शिक्षा काय होते ते ती रोज जेवताना समोर बघत होती.

रेजिस, तिचा बाप, एकोणीस वर्षांपूर्वी कोठार सांभाळायचा. त्याचं अक्षर इतकं सुरेख की पिपांवर खडूने लिहिलेली सालं बघायला लोक यायचे. मग एका हिवाळ्यात त्याच्या हातून अठ्ठ्याऐंशीच्या पिपात एकोणनव्वदची ब्रँडी पडली. आबेलने भर कोठारात, मजुरांदेखत, त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. रेजिस एक शब्द बोलला नाही. किल्ली दिली, टोपी घातली आणि द्राक्षमळ्यात निघून गेला. त्यानंतर त्याने कोठाराचा उंबरा ओलांडला नाही. एकाच अंगणात दोन घरं, जेवायखाण्याला एकत्र, पण भावाशी बोलायचं ते पाऊस आणि डुकरांनी खाल्लेली द्राक्षं एवढंच. आबेलला तो हाकही मारत नसे. मायलिसजवळ म्हणायचा, तुझ्या काकाला सांग. पिपांवर आबेलचं अक्षर आलं, कोंबडी खडूत नाचल्यासारखं.

टेबलावर आता सूप संपत आलं होतं. ताटलीच्या तळाशी उरलेल्या सुपात प्रत्येकाने लाल वाइन ओतली, ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. बाप्तिस्त मिशा पुसत म्हणाला की पन्नास वर्षांपूर्वी आपला बाप ही भट्टी चालवायचा, आणि नवरदेव वरातीतून पळून भट्टीवर आला ही गोष्ट बापाने मरेपर्यंत सांगितली.

"पळून नाही," काका म्हणाला. "तुझ्या बापाचा मदतनीस पिऊन आडवा झाला होता. जाळ कोण घालणार?"

"एक नाच," काकू एक बोट वर करून सगळ्यांना सांगू लागली. "माझ्या लग्नात हा माणूस माझ्याबरोबर एक नाच नाचला. तोही अर्धा. मग जो गेला तो चौथ्या दिवशी सकाळी आला, धुराने काळा होऊन, आणि बुटांसकट पलंगावर पडला. माझ्या आईने विचारलं, कसा आहे गं नवरा? मी म्हटलं, बघितला नाही अजून."

टेबलावर हशा पिकला. ही गोष्ट सगळ्यांनी पन्नासदा ऐकली होती आणि सगळे पन्नासदा हसले होते. रेजिससुद्धा हसला, पण ताटलीकडे बघत.

काका खुर्ची मागे सारून उभा राहिला. पंचाहत्तरीचा माणूस, पण पाठ अजून ताठ. सकाळीच पिपातून काढलेली बाटली त्याने उजेडात धरली. आतला रंग जुन्या मधासारखा होता. पेल्यात दोन बोटं ओतून त्याने पेला हातात घुमवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मायलिसने टेबलाची कड घट्ट धरली.

"चौऱ्याहत्तर," काका शेवटी म्हणाला. "त्या साली गारपिटीने अर्धा मळा झोपवला होता. पण उरलं ते सोनं होतं. डोळे बांधून शंभर पेल्यांतून मी हा पेला काढून दाखवीन. शुद्ध. एक थेंब इकडचा तिकडचा नाही."

मग त्याने काकूकडे वळून पेला उंचावला. "आणि तुझ्या बापाला, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, असली ब्रँडी सात जन्मांत जमली नाही."

हेही नेहमीचंच. आर्लेत काकूचं माहेर पलीकडच्या तेनारेझ भागातलं. तिकडची माती वेगळी, ब्रँडी वेगळी, आणि आबेलच्या मते ती ट्रॅक्टरचे भाग धुवायला उत्तम. सासरे-जावयांचा हा वाद सासरे गेल्यानंतरही एकतर्फी चालू होता. काकूने नुसतं आपल्या पेल्यातून एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात घोळवला.

आता लेबलांची वेळ आली. या घरची लेबलं छापत नाहीत. हाताने साल लिहायचं आणि खाली कोठार सांभाळणाऱ्याची सही. काकाचा मुलगा तिबो, जो तुलूझला विमानांच्या कारखान्यात असतो आणि वर्षातून एकदा आठवण आल्यासारखा शेतकरी होतो, त्याने हौसेने लेबलांचा गठ्ठा आणला होता. वरचं कोरं लेबल त्याने मायलिससमोर सरकवलं आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.

"कर गं सही. पहिली बाटली आई-बाबांची."

मायलिसने पेन हातात घेतलं. तिला कळत होतं की आता गप्प बसलं तर कधीच कुणाला काही कळणार नाही. काका स्वतः शुद्ध म्हणून बसला होता. टवका उडालेला गळा तिच्याशिवाय कुणाला आठवत नव्हता. एक सही, की संपलं. किल्ली तिची, स्वर्ग तिचा. आणि मग रोज त्या ओळीसमोर उभं राहायचं, हे माहीत असताना. तिने समोर बघितलं. बाप तिच्याकडेच बघत होता. त्याला काही माहीत नव्हतं, पण लेकीचा चेहरा त्याला वाचता येत होता.

तिने पेन खाली ठेवलं.

"काका, हे चौऱ्याहत्तर नाही. जानेवारीत मी त्यात शहात्तरची ओतली. आठ लिटर. चुकून, पण ओतली. आणि दहा महिने तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकून नाही."

भट्टीखाली लाकूड फुटलं. तिबोने उगाचच टोपण पेनाला परत लावलं. बाप्तिस्तला अचानक भट्टीचं काहीतरी बघायची आठवण झाली, पण गेला नाही, पाठ फिरवून तिथेच उभा राहिला.

काकाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने पेल्याकडे बघितलं, मग मायलिसकडे. पन्नास वर्षं त्याने या पिपाची वाट बघितली होती. खुर्चीवर न बसताच त्याने हात पुढे केला, तळवा वर. मायलिसने खिशातून किल्ली काढली. तिला हलकं वाटत होतं, याचंच तिला आश्चर्य वाटलं. तिने किल्ली तळहातावर ठेवली.

रेजिस खुर्चीतून उठायला लागला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तो भावाला मनातलं काहीतरी बोलणार होता, आणि जे बोलला असता त्यानंतर या अंगणात दोन चुली झाल्या असत्या.

"भावोजी, बसा," आर्लेत काकू म्हणाली. "आधी मला बोलू द्या. पन्नास वर्षं थांबले आहे."

तिने ओठ पुसले, रुमालाची नीट घडी घातली.

"सुरया मी हलवल्या, आबेल. मागच्या डिसेंबरात. माझ्या बरण्यांना जागा नव्हती. चार हात सरकवल्या त्यात काय बिघडलं, असं मला वाटलं. त्यावर एक चिठ्ठी असती तर मी तरी वाचली असती, पण चिठ्ठी लावणारा कोंबड्या पाळतो ना."

"तो प्रश्न नाही," काका घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुणीही हलवल्या असोत. पन्नास वर्षं जे पीप शुद्ध होतं..."

"शुद्ध नव्हतं."

काकाने हातातला पेला खाली ठेवला.

"ऐक आता. त्या साली गारा पडल्या. राखीव सुरया भरून झाल्यावर पीप पाऊणच भरलं आणि तुझी वाइन संपली. तू रडकुंडीला आला होतास, की लग्नाच्या सालचं पीप आणि तेही अपुरं. माझ्या बाबांनी लग्नात चार सुरया पाठवल्या होत्या, त्यांच्या त्र्याहत्तरच्या. तू काय म्हणालास आठवतं? तुझ्या बापाची ब्रँडी माझ्या कोठारात येणार नाही, हवं तर आलुबुखार बुडव तिच्यात. मग चौथ्या दिवशी तू बुटांसकट घोरत पडलास. माझ्याजवळ दिवसभर वेळ होता. नवरा बघून झाला होता."

तिबो हसला आणि लगेच थांबला.

"चारही सुरया त्या पिपात गेल्या. काठोकाठ भरलं तेव्हा किती बरं वाटलं मला. तू उठलास आणि म्हणालास, बघ, लाकडाने फुगून पातळी वर आणली. मी म्हटलं, हो, तसंच असेल."

"आणि ते आलुबुखार, ज्यांत ती ब्रँडी मुरवली म्हणाली होतीस?" काकाने विचारलं. हे असलं काही विचारायची ही वेळ नव्हती, पण त्याला दुसरं काही सुचेना.

"त्या वर्षी घरात एक आलुबुखार नव्हता, आबेल. गारा पडल्या होत्या."

काका हळूच खुर्चीवर बसला. त्याने तो पेला पुन्हा नाकाशी नेला. सगळे बघत होते. त्याने वास घेतला, परत घेतला, एक घोट घेतला. पन्नास वर्षं ज्या चवीची त्याने गावभर फुशारकी मारली तिच्यात त्याचा सासरा बसला होता.

"एकटीने चार सुरया?" तो म्हणाला. "एकेक सुरई चाळीस किलोची. तू मूठभर होतीस."

काकू दिराकडे बघत होती. रेजिस पावाचा तुकडा चुरत बसला होता.

"सुरया कोणी उचलल्या असं वाटतं तुला?" तो शेवटी म्हणाला. "अठरा वर्षांचा होतो. पाठ अजून दुखते."

"तुला माहीत होतं." काका भावाकडे टक लावून बघत राहिला. "त्या दिवशी कोठारात, मजुरांसमोर, मी तुला नाही नाही ते बोललो. आपल्या घरात असं कधी झालं नाही, म्हणालो. तेव्हा तुला हे माहीत होतं. एक वाक्य बोलला असतास तर मी मातीत गेलो असतो. का नाही बोललास?"

"वहिनीला शब्द दिला होता."

एवढंच बोलून रेजिसने पावाचा चुरा टेबलावरून तळहातावर गोळा केला. मायलिसला बापाच्या पाया पडावं असं वाटलं. एकोणीस वर्षं ती समजत होती की तो अबोल आहे, अपमान गिळून बसलेला आहे. तो शब्द राखून बसलेला होता.

काका उठला. किल्ली मुठीत धरून अंगण ओलांडून गेला. कोठाराचं दार उघडल्याचा आवाज आला. तिबो म्हणाला, मी जाऊ का मागे? काकू म्हणाली, बदक खा. बदक मात्र कुणी खाल्लं नाही. बाप्तिस्तने जाळात दोन लाकडं टाकली. काकूच्या हातातल्या रुमालाची घडी सुटली होती आणि ती पुन्हा पुन्हा घालत होती. ती घाबरली आहे हे मायलिसला पहिल्यांदाच दिसलं, म्हणून तिने काकूचा हात धरला.

काका परत आला तेव्हा त्याच्या कोटाची उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली होती. त्याने पिपावरचं साल पुसून टाकलं होतं. डाव्या हातात खडूचा तुकडा होता. आधी तो मायलिसपाशी थांबला आणि किल्ली तिच्या ताटलीशेजारी ठेवली.

"मी म्हटलं होतं, ही खोटं बोलत नाही. दहा महिने उशीर केलास, पण बोललीस. उद्यापासून सुरयांना चिठ्ठ्या लाव. आणि बरण्या," तो काकूकडे वळला, "बरण्या तिथे राहिल्या तरी चालतील."

"राहणारच होत्या," काकू म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग तो टेबलाला वळसा घालून भावासमोर गेला. त्याने खडू पुढे धरला.

"पिपावर काहीतरी लिहायला हवं. माझं अक्षर बघितलंस ना तू, एकोणीस वर्षं त्या बिचाऱ्या पिपांनी सोसलंय." तो घुटमळला. "चूक माझी होती, रेजिस. ब्रँडी तू ओतलीस, चूक माझी होती. येतोस?"

रेजिसने खडूकडे बघितलं. मग तो उठला, हातावरचा पावाचा चुरा कोंबड्यांना टाकला, पँटला हात पुसले. दोघे भाऊ अंगण ओलांडून गेले आणि त्यांच्यामागे सगळं टेबल उठलं. बाप्तिस्तसुद्धा आला, भट्टी तशीच सोडून, जे त्याच्या बापाने कधी केलं नसतं.

उंबऱ्याशी रेजिस थांबला. आत तोच गार, गोड वास होता. त्याने टोपी काढली आणि पाऊल आत टाकलं. थेट स्वर्गापर्यंत चालत गेला, कुठे वळायचं ते पायांना आठवत होतं. पुसलेल्या पिपासमोर गुडघा टेकून बसला आणि खडू लाकडाला लावला.

"काय लिहू, दादा?" त्याने विचारलं.

मायलिसने ऐकलं. काकूनेही ऐकलं. आबेलने ती हाक ऐकून पिपावर हात टेकला.

"साल नको," तो म्हणाला. "लिही, आर्लेतचं."

रेजिसने सावकाश लिहायला घेतलं. पहिलं अक्षर पूर्ण झालं तेव्हा आबेलने अंधारात बायकोचा हात चाचपून धरला आणि बाकीचा अर्धा नाच नाचायला तिला दोन पिपांमधल्या मोकळ्या जागेत ओढलं.